सहा लाखांच्या शहरासाठी ‘स्मार्ट’ आरोग्य आराखडा: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहा लाख वस्तीची महापालिका, कोविडात शहराची झालेली दैना सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि आता ‘स्मार्ट आरोग्य प्रणाली’चा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) नगररचना विभागात तुमच्या टेबलावर येऊन पडलाय. तीन कंपन्या सादरीकरण करून गेल्या. तिघींच्याही यादीत मोठ्या पडद्यांचं नियंत्रण केंद्र, नागरिकांसाठी ॲप, हेल्थ एटीएम (झटपट तपासण्या करणारं यंत्र) आणि साथीचा आगाऊ अंदाज देणारी एआय आहे. यातलं काय घ्यायचं आणि पैसा कशावर घालायचा?

मी महापालिकेच्या आरोग्य खात्यात साथरोगाचंच काम केलं आणि तिथूनच निवृत्त झालो, तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो. कंपन्यांच्या फायली बाजूला ठेवा आणि आधी एक आकडा काढा. रुग्ण डॉक्टरसमोर बसल्यापासून पालिकेचा अधिकार असलेला माणूस त्याच्या गल्लीत जाऊन प्रत्यक्ष काही करेपर्यंत किती तास जातात? गेल्या पावसाळ्यातले डेंग्यूचे वीसेक रुग्ण निवडा. ताप कधी आला, रक्त कधी दिलं, अहवाल कधी निघाला, पालिकेला कधी कळलं, वॉर्डात निरोप कधी गेला, घराभोवती कंटेनर सर्व्हे (डासांच्या अळ्यांसाठी साचलेल्या पाण्याची तपासणी) कधी झाला, एवढ्याच तारखा लिहून काढा. बहुतेक शहरांत दिसतं ते असं की तपासणीत फारसा वेळ जात नाही. अहवाल प्रयोगशाळेतून मुख्य कार्यालयात येतो, तिथे एक्सेलमध्ये चढतो, सहीला जातो आणि मग वॉर्डात उतरतो. दिवस जातात ते इथे. तोवर डासांची पुढची पिढी उडालेली असते. हा वेळ निम्म्यावर आणणारी प्रत्येक गोष्ट माझ्या लेखी स्मार्ट आहे, मग ती दहा रुपयांची वही का असेना.

पुण्याचं ताजं उदाहरण घ्या, कारण तुमच्यासारख्या वाढत्या शहराला ते अगदी लागू पडतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. पुढे संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली, मृत्यूही झाले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं रोज बातम्यांत होती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि बोट पाण्याकडे वळलं. यातली बरीच गावं २०१७ आणि २०२१ मध्ये पालिकेच्या हद्दीत आली. हद्द वाढली, पण शुद्धीकरण केंद्राचं पाणी त्या वेगाने पोहोचलं नव्हतं. विहिरीतलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून नळाला जात होतं.

पुणे हे स्मार्ट सिटी अभियानातलं अगदी पहिल्या फळीतलं शहर. कोविडात इथे वॉर रूम होती, नकाशे होते, डॅशबोर्ड होता. तरी ही साथ ध्यानात आली ती रुग्णालयांतल्या डॉक्टरांना ‘हातापायातली ताकद गेलेले इतके रुग्ण एकदम कसे?’ असा प्रश्न पडला म्हणून. शिवाय जीबीएस हा बहुधा जुलाबाच्या किंवा श्वसनाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. म्हणजे आयसीयूतला रुग्ण ही साथीची शेपटी झाली. डोकं त्याआधी गल्लीतल्या दवाखान्यांत जुलाबाच्या रुग्णांच्या रूपाने येऊन गेलेलं असतं. पोलिओमुळे पंधरा वर्षांखालच्या मुलांमधल्या अचानक आलेल्या लुळेपणाची नोंद आपल्याकडे सक्तीने होते आणि त्यात जीबीएसची मुलंही पकडली जातात. मोठ्या माणसांसाठी तशी चाळणी नव्हती.

आता तुमच्या शहरात हेच होऊ घातलंय असं धरा. पाणीपुरवठा विभागाकडे ओटी टेस्टची (पाण्यातलं क्लोरीन मोजण्याची) वही असते. नळाच्या टोकाला मोकळं क्लोरीन प्रतिलिटर किमान ०.२ मिलीग्रॅम असावं हे सगळ्यांना पाठ असतं. वहीत कुठेतरी शून्य लिहिलेलंही असतं. त्याच आठवड्यात त्या भागातल्या चार दवाखान्यांत जुलाबाचे रुग्ण दुप्पट झालेले असतात. पाण्याची वही कार्यकारी अभियंत्याकडे, जुलाबाचा आकडा झालाच तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, आणि दोघांची गाठ पडते ती महिन्याच्या आढावा बैठकीत. माझ्या मते तुमच्या डीपीआरमधलं पहिलं सॉफ्टवेअर हे असावं: क्लोरीनचे रोजचे आकडे, पाइपलाइन गळतीच्या तक्रारी आणि दवाखान्यांतल्या जुलाब-उलटी-तापाच्या संख्या एकाच नकाशावर, पाण्याच्या टाकीनिहाय. वॉर्डनिहाय नको, कारण पाणी वॉर्डाच्या हद्दी पाळत नाही. ज्या टाकीचं पाणी ज्या गल्लीला जातं त्या क्षेत्राने रुग्ण मोजायला हवेत. हे काम तुमच्या जीआयएस (संगणकीय नकाशा) कक्षातली दोन मुलं करू शकतील. टाकीनिहाय वितरणाचा खरा नकाशा मात्र कागदावर नसून जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. तो निवृत्त व्हायच्या आत त्याला सोबत घेऊन फिरा.

माहिती मिळाल्यावर हलायचं कुणी, हा पुढचा प्रश्न, आणि यावर मुंबईचं उदाहरण कोणत्याही सादरीकरणापेक्षा जास्त शिकवतं. मे २०२० मध्ये इक्बालसिंह चहल आयुक्त झाले तेव्हा खाटेसाठी सगळं शहर एकाच हेल्पलाइनवर आदळत होतं. पुढच्या काही आठवड्यांत हे काम २४ वॉर्डांच्या वॉर रूममध्ये वाटलं गेलं. प्रयोगशाळांनी पॉझिटिव्ह अहवाल आधी पालिकेला द्यायचे, पालिकेने ते वॉर्डनिहाय वेगळे करायचे, आणि वॉर्डातल्या डॉक्टरने रुग्णाला आपणहून फोन करून घरी राहायचं की खाट लागेल हे ठरवायचं. ओळखीपाळखीने खाट अडवण्याला त्यामुळे बराच चाप बसला. तंत्रज्ञान म्हणाल तर फोन, एक्सेल आणि गुगल शीटच्या पलीकडे फारसं काही लागत नव्हतं. जोर होता तो वॉर्डाला गाडी, डॉक्टर आणि निर्णयाचा अधिकार दिल्यामुळे. याची दुसरी बाजूही सांगतो: अहवाल रुग्णाच्या आधी पालिकेकडे, हा भाग वादात सापडला आणि रुग्णालाही अहवाल द्या असं सर्वोच्च न्यायालयाने राज्याला सांगितलं. तुमच्या प्रणालीत ही सोय पहिल्या दिवसापासून असू द्या. दोघांना एकाच क्षणी निरोप जाणं आज काही अवघड नाही.

कोविडात धारावीत जी-उत्तर वॉर्डाने जे केलं त्याचा गाभाही असाच होता. स्थानिक खासगी डॉक्टर सोबत घेतले, ताप आणि ऑक्सिजन मोजत घरोघर गेले, सार्वजनिक शौचालयांचं निर्जंतुकीकरण केलं, आणि ज्यांना घरात वेगळं राहणं शक्यच नव्हतं त्यांना शाळा-सभागृहांत नेलं.

याच्याही आधीचा, आणि मला विचाराल तर भारतातला सर्वांत चांगला धडा सुरतचा आहे. सप्टेंबर १९९४, पुराचं पाणी ओसरतंय आणि प्लेगची बातमी येते. बळी पन्नासच्या आसपास, पण काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. उधना-लिंबायतमधली आपली खानदेशी मंडळीही मिळेल त्या गाडीने धुळे-जळगावकडे निघाली. वर्षभरात एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा झोन केले आणि आयुक्ताचे प्रशासकीय व आर्थिक अधिकार झोनप्रमुखांकडे सोपवले. अधिकाऱ्यांनी सकाळी रस्त्यावर असायचं, दुपारी एकत्र बसून त्याच दिवशीच्या अडचणी सोडवायच्या. अभियंता, आरोग्य आणि सफाई या तिन्ही खात्यांची माणसं एका टेबलाभोवती. रुग्णालयांकडून आजारांचे आकडे रोज घ्यायची सवय तिथे तेव्हाच लागली. १९९६ मध्ये इन्टॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेने सुरतला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं. तेव्हा ना स्मार्टफोन होता ना जीआयएस. म्हणून तुमच्या आराखड्यात ‘संस्थात्मक रचना’ असं एक प्रकरण असेल, ज्यात सहसा एक चौकटींचा तक्ता टाकून मोकळे होतात, त्यात मी एक ठोस ओळ मागेन: साथीच्या काळात क्षेत्रीय अधिकारी स्थायी समितीकडे न जाता किती रुपयांपर्यंत खर्च करू शकतो? टँकर, ब्लीचिंग पावडर, फवारणीची मजुरी, रुग्णवाहिका. आकडा लिहा आणि त्याचा ठराव आत्ताच, साथ नसताना करून घ्या.

खासगी डॉक्टरांशिवाय यातलं काहीही चालणार नाही. आपल्या शहरांत ताप आलेला माणूस आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. पालिकेच्या दवाखान्याची वेळ त्याच्या कामाच्या वेळेशी जुळत नाही. (‘आपला दवाखाना’ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवण्यामागे हेच कारण आहे, आणि तुमच्या नव्या केंद्रांची वेळ ठरवताना ते विसरू नका.) केंद्राच्या आयएचआयपी या साथरोग-नोंदीच्या पोर्टलवर तीन नमुन्यांत नोंद होते: आरोग्यसेविकेने संशयित लक्षणांची, डॉक्टरने निदानाची, प्रयोगशाळेने खात्रीच्या अहवालाची. पोर्टल चांगलं आहे. एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर ते भरत नाही, कारण भरून त्याला काहीच मिळत नाही. मिळते ती एखादी नोटीस.

क्षयरोगात हीच गाठ सुटलेली आपण पाहिली आहे. २०१२ मध्ये क्षयरोगाची नोंद सक्तीची झाली, पण निव्वळ सक्तीने खासगी नोंदी फारशा हलल्या नाहीत. पुढे मुंबई आणि पाटण्यात खासगी डॉक्टरांच्या रुग्णांना मोफत तपासणी व औषधाची व्हाउचरं मिळायला लागली, पाठपुराव्याला माणूस मिळाला, आणि नोंदी भराभर वाढल्या. तुम्हीही डॉक्टरांना काहीतरी परत द्या. दर सोमवारी त्यांच्या फोनवर चार ओळी: तुमच्या भागात या आठवड्यात कसला ताप चाललाय, कोणती तपासणी पालिकेत मोफत होते, कोणाला फोन करायचा. आणि माहिती पोर्टलवरच भरा असा हट्ट नको. व्हॉट्सॲपवर ‘जुलाब ९, ताप १४’ एवढा निरोप आला तरी चालेल, टंकलेखन पालिकेचा माणूस करेल.

इथे डेंग्यूतली एक खोच सांगायला हवी, कारण ती तुमच्या डॅशबोर्डला पहिल्याच पावसाळ्यात तोंडघशी पाडेल. सरकारी आकड्यात खात्रीचा रुग्ण धरतात तो एलायझा या प्रयोगशाळेतल्या तपासणीत पॉझिटिव्ह आलेला. खासगी प्रयोगशाळा बहुधा एनएस-१ (डेंग्यू विषाणूचं प्रथिन) शोधणारी झटपट किट वापरतात. त्यामुळे शहरात घरटी ताप असताना पडद्यावर सतरा रुग्ण दिसतात, पत्रकार हसतात, नगरसेवक भडकतात. दोन वेगळे रकाने ठेवा. झटपट तपासणीतला पॉझिटिव्ह हा कंटेनर सर्व्हेला निघण्यासाठी पुरेसा आहे. एलायझा अहवालासाठी वर्गवारी थांबेल, फवारणीने थांबू नये.

मग येतो भाजकाचा प्रश्न. ‘दर लाखामागे इतके रुग्ण’ असं पडद्यावर लिहिताना तो लाख कुठला? २०२१ची जनगणना झाली नाही, आपण अजून २०११च्या आकड्यांवर अंदाज बांधतोय. तुमच्या शहराच्या कडेची वस्ती एवढ्या वर्षांत कितीने वाढली हे तुम्ही नगररचनेत बसून माझ्यापेक्षा चांगलं जाणता. माझा अनुभव असा की शहराची सर्वांत खरी यादी पल्स पोलिओच्या सूक्ष्म नियोजनात असते. वीटभट्ट्या, बांधकामाची साइट, पुलाखालची पालं, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं त्यात असतात; मालमत्ता कराच्या यादीत ती कधीच नसतात. ती यादी आणि वीजजोडण्या नकाशावर एकत्र करा, तुमचा भाजक तयार.

सगळ्यांची सगळी माहिती गोळा करायच्या मोहात मात्र पडू नका. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि बाहेर सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. पुण्यात पाच प्रभागांतल्या तशाच पाहणीत ५१.५ टक्के आले. रोजच्या पॉझिटिव्ह आकड्यांच्या तक्त्यातून हे कधीच कळलं नसतं. नीट निवडलेल्या काही हजार माणसांचा नमुना, लाखो अर्धवट नोंदींपेक्षा बरंच खरं बोलतो. वैद्यकीय महाविद्यालयाशी आधीच करार करून ठेवा, म्हणजे साथ आल्यावर नैतिक समितीच्या मंजुरीची वाट पाहत बसावं लागणार नाही.

अशाच दोन स्वस्त खिडक्या आणखी आहेत. एक सांडपाणी. मुंबईत पोलिओच्या विषाणूसाठी गटाराच्या पाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जातात. कोविडात तोच मार्ग अनेक शहरांनी धरला. तुमच्या एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) तोंडाशी आणि, अर्धं शहर अजून नाल्यात सोडत असेल तर, दोन मोठ्या नाल्यांवर आठवड्याला नमुना घ्या. स्वतःची प्रयोगशाळा बांधू नका, नमुना पाठवायची शीतपेटी आणि माणूस ठेवा. दुसरी खिडकी स्मशान-दफनभूमीची वही. मृत्यू नोंदवायला कायद्याने २१ दिवस मिळतात, अंत्यविधी मात्र त्याच दिवशी होतो. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा या आठवड्यात किती जास्त, एवढा एक आकडा दर सोमवारी आयुक्तांच्या टेबलावर गेला पाहिजे.

माणसांचा हिशेब करा, कारण डीपीआरमध्ये नेमका तोच अर्ध्या पानात उरकतात. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाने पन्नास हजारांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे तुम्हाला बारा. दहा हजारांमागे एक एएनएम (आरोग्यसेविका) धरली तर साठ. वस्त्यांमध्ये एक ते अडीच हजार लोकसंख्येमागे एक आशा. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातली छोटी केंद्रं पंधरा-वीस हजारांना एक या हिशेबाने तीस-चाळीस. आज भरलेली पदं किती? कायम किती, अकरा महिन्यांच्या करारावर किती? साथीच्या वेळी गल्लीत जाणारी बाई हीच आहे. तिच्या हातात टॅब देऊन त्यात सात ॲप भरण्याची आपल्याला खोड लागलीय. नवं ॲप आणणार असाल तर आधीचं कोणतं बंद करणार हे त्याच पानावर लिहा.

आता तुमच्या खात्याचा भाग. मुंबईत १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती, सिडनहॅम रोड म्हणजे आजचा मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याची कामं. हवा-उजेड आला, हे खरंच. पण दाट चाळी पाडल्या त्या मानाने गरिबांसाठी घरं कमी बांधली, आणि गर्दी शेजारच्या चाळींत जाऊन बसली. विकास आराखड्यात दवाखान्याची आरक्षणं टाकताना ती वस्तीपासून चालत पोहोचता येईल अशी टाका. शहराबाहेरच्या स्वस्त सहा एकरांत ‘हेल्थ हब’ करून बसमार्ग नसेल तर तिथे कोणी जाणार नाही. दोन-तीन मोठी मैदानं अशी हेरून ठेवा की ज्यांच्या कडेला पाणी, मलनिस्सारण आणि मोठ्या भाराची वीज आधीच पोहोचलेली असेल. जंबो केंद्र (साथीतलं तात्पुरतं मोठं रुग्णालय) उभारताना तंबू पटकन मिळतो, या तीन गोष्टी मिळत नाहीत.

ऑक्सिजन हा वेगळाच विषय. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण एका रात्रीत हलवावे लागले, आणि ते हलवता आले कारण रिकाम्या खाटा कुठे आहेत हे कुणालातरी माहीत होतं. त्याच महिन्यात नाशिकच्या पालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी, नळ्या, झडपा कोण तपासतं, त्याचं नाव आणि तारीख ही माहिती मला खाटांच्या डॅशबोर्डइतकीच महत्त्वाची वाटते. कोविडात बसवलेला पीएसए (हवेतून ऑक्सिजन बनवणारा) प्रकल्प तुमच्याकडे असेल तर जाऊन पाहा, तो चालू आहे का, आणि चालवणारा माणूस पगारपत्रकावर आहे का.

करारातल्या दोन अटी सोडू नका. माहिती महापालिकेची, आणि करार संपला तर ती वापरता येईल अशा स्वरूपात, फुकट परत मिळाली पाहिजे. दुसरी, नाव-पत्त्यासकट रुग्णाची नोंद कोण उघडू शकतो आणि कुणी उघडली याचा माग राहिला पाहिजे. कोविडात रुग्णांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या, आणि मग लोक तपासणीच टाळायला लागले. २०२३चा विदा संरक्षण कायदा आहेच. आभा (डिजिटल आरोग्य ओळख) क्रमांक जोडायला हरकत नाही, पण क्रमांक नाही म्हणून उपचार किंवा तपासणी अडली असं एकदाही होऊ नये. देखभालीचे पाच वर्षांचे पैसे आत्ताच अंदाजपत्रकात धरा. स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ला संपलं आणि केंद्रं चालवायचं ओझं पालिकांवर आलं, हे तुमच्यासमोरच आहे.

राहिली एआय आणि हेल्थ एटीएम. गुगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज देणारी सेवा काढली होती. २०१२-१३च्या हंगामात तिने प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट अंदाज दिला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. तुमच्याकडे सलग तीन वर्षांचे रोजचे, टाकीनिहाय आणि न खाडाखोड केलेले आकडे जमले की अंदाजाचं बोला; तोवर ती रक्कम दोन साथरोगतज्ज्ञ आणि एका सांख्यिकाच्या पगाराला लावा. हेल्थ एटीएमचं तर, जिथे एएनएम बसते आणि संध्याकाळी उघडं असतं अशा केंद्रात ठेवणार असाल तर घ्या. बसस्थानकावर ठेवणार असाल तर नको.